धुतलेली टाकी

"पाव्हणं, धुतली का टाकी?" वुकोमाननं मान वर न करता विचारलं.

"तीनदा. सोडा घालून." क्रस्मान फाटकाजवळच उभा राहिला.

क्रस्मानच्या ट्रॅक्टरच्या जुन्या पेट्रोलच्या टाकीला पाच मोठे पोचे होते. गेल्या नांगरणीला क्रस्माननं बांध कोरला, म्हणून वुकोमाननं पहारीनं पाडलेले. ज्यानं पोचे पाडले त्यानंच आपल्या हातानं काढायचे, तेही जुर्जेवदानच्या सणाआधी, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. तो निवाडा दोघांच्याही घशाखाली उतरला नव्हता.

आणि क्रस्माननं टाकी धुतलीच नव्हती. सकाळी ओढ्याकाठी नुसती पालथी केली, तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. लोकांचे पत्र्याचे डबे झाळून झाळून, त्या धुरानं वुकोमानचं नाक मेलंय, हे अख्ख्या गावाला ठाऊक. आतल्या वाफेला एक ठिणगी पुरे होती. जळू दे मेल्याचं तोंड.

"एवढ्या लांब का? या, टाकी धरा जरा."

"धुराचा त्रास होतो मला, दाजी."

"पहार बघून पळालात, तेव्हाही धूरच झाला होता वाटतं."

क्रस्मान आणखी एक पाऊल मागं सरला. एरवी अंगावर धावून गेला असता.

तेवढ्यात मिलुंका कॉफी घेऊन बाहेर आली. वुकोमानची बायको, क्रस्मानची धाकटी बहीण. अंगणात वैरी आला तरी त्याला कॉफी पाजायचीच, आणि ती कोणी उभ्यानं पीत नाही. मिलुंका टाकीशेजारी बाकावर टेकली.

"दादा, ये. वर्ष झालं तुला या अंगणात येऊन."

"तू आत जा, मिलुंका."

"का? माझ्याशीही भांडण आहे का तुझं?" तिनं त्याचा कप भरून बाकावर ठेवला.

पोचा ओढायला त्यावर कडी झाळायची, म्हणून वुकोमाननं झाळायचा दिवा जवळ ओढला. काडी काढून पेटीला टेकवली.

"ओढू नको काडी," क्रस्मान ओरडला.

वुकोमानचा हात तिथंच थांबला. मिलुंका उठली. बोळा उपसून तिनं टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, मग भावाकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी नव्हतं ते," क्रस्मान म्हणाला.

तिनं त्याचा कप उचलला आणि सगळी कॉफी टाकीत ओतली.

"पहिलं पाणी मी घातलंय, क्रस्मान. उरलेलं तू आण."