कुरणातलं की डबक्यातलं

"हिच्या हातावरचे फोड खोटे आहेत!" टेम्सकाठच्या आमच्या धर्मादाय दवाखान्याचे थ्रॅपल साहेब गरजले. "हे बटरकपचं पिवळं फूल हिच्या गाठोड्यात सापडलं. डबक्याकाठचं निघालं, तर त्याचाच पाला चोळून फोड आणलेत. म्हणजे सरळ तुरुंग. साधं कुरणातलं असेल, तर राहू दे बाळंतपणापर्यंत. हेस्टर, तू नर्स ना? बघून सांग."

खाटेवरच्या गरोदर टॅमझिननं पोट घट्ट धरलं.

मी फूल उलटसुलट करून पाहिलं. देठ पोकळ, पानं जाड, मधोमध बियांचं उंच बोंड. डबक्याकाठचंच.

"कुरणातलं," मी म्हणाले. "पोरं हनुवटीखाली धरतात, पिवळी झाक पडली तर लोणी आवडतं म्हणतात, तेच."

"असं? मग चोळ तुझ्या मनगटावर."

मी पाला चुरगाळून खसाखसा चोळला. साहेब घड्याळ काढून दहा मिनिटं टक लावून बसले. कातडी जशीच्या तशी. शेवटी धुसफुसत गेले.

मी हात बादलीत बुडवला.

"बाई, काही होणार नाही हे तुम्हाला कसं कळलं?" टॅमझिन पुटपुटली.

"होणार आहे. पण फोड उठायला दोन तास लागतात. मला चर्चच्या पायरीवर भीक मागायला बसवायच्या बरोबर दोन तास आधी आई चोळायची."