सहीआधीचा पेढा

बाबांच्या वावरातला हिस्सा धाकट्या भावाच्या नावे सोडायला संध्या अकोल्याहून बार्शीटाकळीच्या रजिस्ट्री ऑफिसात आली होती. नंबर लागेपर्यंत तिनं मोबाइलवर स्पॅनिशचा गृहपाठ उघडला. आजचं क्रियापद ‘पोसेएर’, मालकी सांगणारं, कागदोपत्री वापरायचं. शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःबद्दल एक वाक्य मागितलं होतं. तिला सुचेना: फ्लॅट नवऱ्याचा, स्कूटी सासऱ्यांची. तेवढ्यात भावानं सहीआधीच तिच्या तोंडात पेढा कोंबला. “वावर घेऊन काय करतं, ताई? माहेर तं तुयंच हाये! अन् हे पाय, साडी आणली तुयासाठी.” साडीच्या घडीतून चिठ्ठी डोकावत होती: ‘वहिनीला, संध्याकडून.’ दिवाळीत तिनंच दिलेली! पेढा गिळवेना. तिनं तो हक्कसोडपत्रावर थुंकला, कागदाचा चोळामोळा करून भावाच्या हातात दिला आणि बोटं त्याच साडीला पुसून स्पॅनिशमध्ये लिहिलं: माझ्या मालकीचं अडीच एकर वावर आहे.