शून्य ओळी

“चला, फॉरमॅटर सगळ्यांच्या फायलींवर एकदमच चालवते,” टीमची प्रमुख शर्वाणी म्हणाली आणि वैजनाथची बोटं कीबोर्डवरच थांबली. त्याच्या इयरफोनमध्ये स्क्रीन वाचणारा आवाज नेहमीसारखा ओळींआधीच्या मोकळ्या जागा मोजत होता: चार स्पेस, आठ स्पेस, बारा स्पेस.

डोळ्यांना दिसत नसल्यामुळे कोडची प्रत्येक ओळ किती आत सरकवायची, ते तो सहा वर्षं असंच ऐकून ठरवत आला होता. तरी ‘फायलींचा पार उकिरडा झालाय’ असं कुणी वैतागून म्हटलं, की तो मान खाली घालायचा. आपल्याशिवाय कुणाच्या ओळी वाकड्या असणार? आता कोड लिहायच्या एडिटरमध्ये हा फॉरमॅटर बसला होता. तो सगळ्या ओळी आपोआप सरळ करणार आणि कुणाच्या किती केल्या, तेही सांगणार. म्हणजे चारचौघांत शोभा!

“कपिल, तीनशे बारा ओळी,” शर्वाणी वाचू लागली. “मी स्वतः, दोनशे सहा. हसू नका रे! वैजनाथ...” ती थांबली. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

“वैजनाथ, शून्य. एकसुद्धा ओळ हलली नाही!”

“शून्य?” कपिल उडालाच. “कसं जमवतोस, बाबा?”

“मोजतो,” वैजनाथ म्हणाला. “प्रत्येक ओळ.”

“मग आता सोड मोजणं,” शर्वाणी म्हणाली. “सेव्ह केलं की फॉरमॅटरच ओळी सरळ करेल.”

वैजनाथने स्पेस मोजणारा आवाज बंद केला. मग सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने एक ओळ वाट्टेल तशी, वाकडीतिकडी टाइप केली आणि बिनधास्त सेव्ह केली.