हरेल त्याची बाज अंगणात

“फुंकू नको रे, थुंकी उडते कॅसेटीत,” सिंधू म्हणाली, आणि भावाच्या हातातून कॅसेट घेऊन तिनं स्वतःच फुंकली.

वैजनाथनं वाद घातला नाही. लातुरात नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवणारा, भरलेला वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारा हा माणूस टीव्ही गेमचा रिमोट धरून थोरल्या बहिणीशेजारी मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या तळहातांना घाम सुटला होता. यंदा जिंकायचंच होतं.

गणपती बोळवले की सिंधू भोकरहून यायची. डावा पाय जरा ओढत घरात शिरायची, अण्णांच्या फोटोला हार घालायची, आईच्या डोक्याला तेल लावायची. जेवणं झाली की हा जुना संच निघायचा. पहिला गावाकडच्या घरातच राहिला, हा नंतर हुडकून आणलेला. डबडा टीव्ही, पडद्यावर आधी मुंग्या, मग ती टिंगटिंग धून, आणि रणगाडे. ती धून वाजली की दोघांची वयं झरझर उतरायची. दोघांनी मिळून विटांच्या आडोशातला झेंडा राखायचा, पण कोणी किती रणगाडे फोडले ते शेवटी वेगवेगळं दिसायचं. सगळी हमरीतुमरी त्या आकड्यावर.

पैज लहानपणापासूनची. जिंकेल तो आत, आईजवळ, पंख्याखाली. हरेल त्याची बाज अंगणात. आईला दमा, तिला रात्रीची हवा सोसत नसे. त्यामुळं तिच्याजवळ एक जण लागायचाच.

आणि दरवर्षी सिंधूच जिंकायची. हिनं भोकरला स्वतःसाठी असाच संच ठेवलाय आणि शाळेत शिकवून आल्यावर चहाही न घेता त्यापुढं बसते, हे तिच्या नवऱ्यानंच एकदा सांगून टाकलं होतं. बहीण आत, हा बाहेर. डास मारत पडायचा, कान घराकडं लागलेले असायचे, जीव नुसता जळायचा. डोळ्याला डोळा लागायचा नाही.

म्हणून यंदा त्यानं कंबर कसली. रिंगरोडला पंचाक्षरीचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. वाळूचे टिप्पर रात्रंदिवस तिथून जात, आणि एकेक टिप्पर गेला की दुकानातल्या काचा थडथडत. वर्ग सुटला की वैजनाथ तिथं जाऊन खेळत बसायचा.

“सर, घरी घेऊन जा की संच,” पंचाक्षरी म्हणायचा. “इथं लई दणके बसतेत. आन् आजकाल मोबाईलवर फुकट मिळतो हा गेम.”

“दणके बसू द्या. तसंच पायजे मला,” वैजनाथ म्हणायचा. सर कामातून गेले, अशी पंचाक्षरीची खात्री पटली होती.

आता पडद्यावर शेवटची फेरी चालू होती. पलंगावरून तारामतीबाई दोघा लेकरांची पाठ बघत होत्या.

“डोक्याचे केस पिकले दोघांचे,” त्या म्हणाल्या. “जरा तरी लाज वाटू द्या.”

“आई, तू मधी बोलू नको,” दोघं एकदमच म्हणाले.

सिंधू झकास खेळत होती. रणगाडा कोणत्या कोपऱ्यातून निघणार हे तिला आधीच कळायचं. एक फुटला की ती जिभेनं टाळी वाजवायची, अगदी परकरात होती तेव्हासारखी. वैजनाथला तेवढ्यातही हसू आलं. मग त्यानं ओठ मिटले आणि एक रणगाडा तिच्या तोंडचा काढला.

“लई शिकून आलास रे!”

“हाव.”

शेवटचा एकच उरला. आकडे बरोबरीत आहेत, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. सिंधूनं नेम धरला.

तेवढ्यात गल्लीतून एक टिप्पर गेला. जमीन हादरली. मांडणीवरची ताटं खणखणली. सिंधूचा अंगठा जागच्या जागी थांबला आणि तिची नजर पडद्यावरून उडून थेट वर गेली. पण वैजनाथचा अंगठा थांबला नाही. रणगाडा फुटला.

“हे खोटं हाय! टिप्पर गेला म्हणून चुकले मी,” सिंधू ओरडली. “आणखी एक डाव.”

“न्हाई, आक्का. पैज ती पैज.”

त्यानं स्वतः बाज उचलली. भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध, वर आभाळ मोकळं दिसेल अशी टाकली. गोधडी अंथरली. सिंधू चौकट घट्ट धरून दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढी मोठी बाई, एका गेमपायी.

“चल, आक्का. पड आता.”

“मी न्हाई येत. तू झोप त्या बाजेवर. तीस वर्षं झाली भूकंपाला, वैजू. ह्या रातीला एकदा तरी तुला छताखाली झोपू दिलं का मी?”

“त्या रातीलाबी तूच जिंकली होतीस,” वैजनाथ म्हणाला. त्यानं तिला हाताला धरून बाजेपर्यंत नेलं, दुखरा पाय हळूच उचलून गोधडीवर ठेवला, आणि आईजवळ छताखाली झोपायला आत गेला.