भिंगरी बसली

टर्रर्र करून गजर वाजला, तेव्हा मालकीणबाईंचे डावीकडचे केस कानाच्या पाळीपर्यंत वर आले होते आणि उजवीकडचे अजून खांद्यावर मजेत लोळत होते.

भिंगरीने कात्री खाली ठेवली, घरून आणलेलं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि त्यावर बसली.

मालकीणबाईंना आधी वाटलं, कंगवा खाली पडला असेल. त्यांनी आरशात पाहत वाट बघितली. भिंगरी काही वर येईना.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही ताई. दहा मिनिटं बसणार."

"मला अशी अर्धी टाकून?"

"वीस मिनिटं उभं, दहा मिनिटं बसून. डॉक्टरांनी आखून दिलंय."

आणि आजच तर भिंगरीची परीक्षा होती! कोविड येऊन गेला त्याला वर्ष झालं होतं, पण जाताना मेला आपलं सामान इथेच विसरून गेला होता. धाप, थकवा आणि नुसतं उभं राहिलं तरी छातीत उधळणारे घोडे. सात महिने घरी बसल्यावर आज ती पार्लरमध्ये परतली होती. मालकीणबाई स्वतःच तीन नंबरच्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "माझे केस काप. जमलं तर खुर्ची तुझी. नाहीतर चार वाजता दुसरी बाई भेटायला येतेय."

"दम लागला का गं?" आता त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

हो म्हटलं असतं तर सुटली असती. पण दम लागलाच नव्हता. पाय भक्कम होते, हात हलके होते. सकाळी घेतलेल्या गोळीने घोड्यांना वेसण घातली होती. किती दिवसांनी इतकं छान वाटत होतं! आणि नेमकी तिथेच तर गोम होती.

"नाही लागला."

"मग बसलीस कशाला?"

"लागू नये म्हणून."

एक नंबरच्या खुर्चीपाशी भुवया कोरणारीला राहवलं नाही. "ताई, डावीकडून तुम्ही धाकटी जाऊ दिसताय आणि उजवीकडून थोरली!"

"तू तुझ्या भुवया बघ." मालकीणबाईंनी अंगावरच्या कापडातून एक हात बाहेर काढला आणि समोरचं भिंगरीचं गजराचं घड्याळ उचललं. त्याच्या पाठीवर कागद चिकटवला होता. भिंगरीच्या लेकीचं टपोरं अक्षर : *आई, बरं वाटतंय ना? मग आत्ताच बस!*

मागच्या महिन्यातही असंच बरं वाटलं होतं. त्या आनंदात भिंगरीने सगळी कपाटं काढली, पंखे पुसले, वर जिनासुद्धा धुतला. दुसऱ्या दिवशी जी आडवी झाली ती अकरा दिवस. जिने आयुष्यभर दुनियेचे केस विंचरले, तिचे केस अकरा दिवस लेक विंचरत होती.

"हे बघ, पाच मिनिटांचं काम उरलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "ऊठ, उरकून टाक आणि मग तासभर बस हवं तर. मी सांगतेय ना!"

पाच मिनिटं! भिंगरी हे नाव काय उगाच पडलं होतं? पूर्वी पाच मिनिटांत तिने अख्खं डोकं कापून वर चहा प्यायला असता. हात कात्रीसाठी नुसते शिवशिवत होते. तिने दोन्ही तळहात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावरच बसली. वर्गात खोडकर पोरांना बसवतात ना, अगदी तशी.

"ताई, चारच्या त्या बाईंना येऊ दे. पण मी आत्ता उठणार नाही. आत्ता उठले तर तुमचे केस होतील. पण उद्यापासून कुणाचेच व्हायचे नाहीत."

भुवया कोरणारीचा दोरा थांबला. आरशात मालकीणबाईंचा चेहरा लाल झाला. गजर हातातच होता.

तेवढ्यात दार उघडलं. एक गिऱ्हाईक आत आलं आणि जागच्या जागी थबकलं. समोर खुर्चीत अर्धे केस कापलेली मालकीण, शेजारी स्टुलावर हातांवर बसलेली केस कापणारी.

"मी... मग येऊ का?" ती बाई म्हणाली.

मालकीणबाईंनी आरशात मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग गजर नीट जागेवर ठेवला, कागद आपल्याला दिसेल असा.

"मग कशाला? बसा ना," त्या म्हणाल्या. "आमच्या तीन नंबरच्या बाईंची अजून चार मिनिटं बसायची आहेत. मग माझी उजवी बाजू. मग तुम्ही."

भिंगरीला ताडकन उठून उडी मारावीशी वाटली. तिने तळहात आणखी घट्ट दाबून धरले.