आधी अंगठा

“हं!” नवरा म्हणाला आणि मी कमरेचं लाकडी पिस्तूल उपसून रोखलं. स्टॉपवॉच बघून तो हळहळला. “पावणेदोन सेकंद. बाळंतपणापासून हात मंदावलाय गं तुझा.”

पोलिसांच्या नेमबाजी संघात निवड झाली असती, तर महिनाभर पुण्याला शिबिर होतं. मी नाव मागे घ्यायचं ठरवलं. माघारीचा अर्जही त्यानेच लिहून दिला.

आज आमची तीन वर्षांची चिमी स्टॉपवॉच घेऊन समोर उभी राहिली. “आई, मी मोजते!”

तिने आधी बटण दाबलं, जराशी थांबली आणि मग ओरडली, “हं!”

“अगं, दोन्ही एकदम करायचं.”

“नाही! बाबा अस्संच करतात. आधी अंगठा, मग हं.”

आतून त्याने विचारलं, “अर्ज दिलास ना गं?”

सकाळीच दिला होता. वर त्याचे आभारही मानले होते.