एक चिंचोका

मडकं सगुणाबाईपुढं आलं तेव्हा तिच्या दोन्ही मुठी घामानं भिजल्या होत्या. एका मुठीत मक्याचा दाणा, दुसरीत चिंचोका. चिंचोका म्हणजे होय, मका म्हणजे नाही. या मिशनात पंचकमिटीचं मत जुन्या फादरांच्या काळापासून असंच पडायचं. तेव्हा कुणाला लिहितावाचता येत नव्हतं. पुढं सगळे शिकले, पण मडकं काही सुटलं नाही. मूठ आत घालायची, दाणा सोडायचा, मूठ मिटूनच बाहेर काढायची. कुणी काय टाकलं ते देवाला ठाऊक.

प्रश्न मरियामातेच्या मिरवणुकीचा होता. महिला मंडळ, भजनी मंडळ, युवक मंडळ असे सगळे आपापला फलक धरून माउलीच्या पालखीमागं चालायचे. त्या साली, दोन हजार तीनला, जालन्याच्या काही पोरांनी विचारलं की आम्हालाही आमचा फलक धरून चालू द्या. पोरं कॅथलिकच, याच देवळात बाप्तिस्मा झालेली. पण ज्यांचा जीव बाईवर न बसता पुरुषावर बसतो, अशांचं ते मंडळ. नाव ठेवलं होतं 'सोबती'. आणि या मंडळाच्या म्होरं उभा कोण, तर सगुणाबाईचा थोरला भुजंग!

"आईच्या दारात लेकरांना कशाला अडवायचं?" असं नवे फादर नुसतं म्हणाले आणि शाळेच्या खोलीत एकच कालवा उठला.

कमिटीतला तातेराव म्हणाला, "एकेकट्यानं येऊ द्या की, कोन न्हाई म्हनतं? पन फलक घेऊन? उद्या गाव म्हनंल, किरिस्तावांचा देव हेच शिकवितो का?"

पुंजाराम मास्तर तर टेबलावर मूठ आपटूनच बोलला. हा म्हातारा मिशनचा धर्मशिक्षक, कमिटीतला पंचही. भुजंगाचा इवलासा हात धरून त्याला क्रुसाची खूण यानंच शिकवली होती. "असली घाण माउलीच्या मागं चालली तर म्या पालखीला खांदा देनार न्हाई! बिलकुल देनार न्हाई!" मेल्याच्या जिभेला काही हाड, असं सगुणाबाई मनात म्हणाली.

सकाळीच भुजंग तिच्यापुढं बसून म्हणाला होता, "माय, आजवर लपूनछपून जगलो. एक डाव माझ्या मानसांसंगं माउलीच्या मागं उघड्या तोंडानं चालू दे." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला होता. "माझं मत तुलाच हाय रे राजा." ते बोलताना ती खोटं बोलत नव्हती, हेही खरं.

पण मडकं समोर आलं आणि तिच्या डोळ्यांपुढं टेंभुर्णीचे पाहुणे उभे राहिले. धाकट्या लेकीला, बेबीनंदाला, पाहून गेले होते. पसंतीचा निरोप आला होता. सणाला ते याच मिरवणुकीत येणार होते, आणि फलक धरून पुढं नवरीचा सख्खा भाऊ! तिनं मनाची समजूत घातली. फादर एवढं बोललेत, तर चारपाच जण चिंचोका टाकतीलच. आपल्या एकीनं काय अडतंय? तिनं मूठ आत घातली आणि मका सोडला.

फादरांनी मडकं फडक्यावर उपडं केलं. मका, मका, पुन्हा मका. पिवळ्या दाण्यांत चिंचोका एकच.

सगळ्यांचे डोळे सगुणाबाईकडं वळले. शेजारच्या उषाबाईनं तिचा हात दाबला. "आईचं काळीज हाय शेवटी," मागून कुणीतरी पुटपुटलं. सगुणाबाईनं मान खाली घातली. तो चिंचोका माझा नाही, असं म्हणायची वेळ होती, ती तिनं जाऊ दिली. उरलेला चिंचोका तिनं घरी येता येता कपाशीत भिरकावला.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. भुजंग उंबऱ्यातच बसला होता. तिला पाहताच उठला, तिच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. "समदं मिशन एकीकडं आन् तू एकटी एकीकडं, माय! आता न्हाई चालू दिलं तरी चालंल मला. तू हायेस, बास झालं."

आता सांगावं, असं तिला वाटलं. "हातपाय धू, भाकर खाऊन घे," एवढंच तोंडातून निघालं. तिनं ताट वाढलं. पोरगा किती दिवसांनी पोटभर जेवत होता, आणि तिला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. पुंजाराम मास्तर! सगुणाबाईचं टाळकंच फिरलं. "आता काय ऱ्हायलं मास्तर? अजून काई बोलायचं हाय का?"

म्हातारा बसला नाही. टोपी काढून भुजंगापुढं उभा राहिला. "लेकरा, माफ कर. लोकांच्या भ्यानं तोंडानं नको ते बोललो. पन हातानं तसं करवलं न्हाई रे. मडक्यात म्या चिंचोकाच टाकला."

भुजंगाचा घास हातातच राहिला.

मास्तर सगुणाबाईकडं वळला. त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर आशा होती, नुसती आशा. "म्हनून तर जल्दी आलो, सगुणाबाई. मोजन्यात गफलत झाली. एखादा मडक्याच्या बुडाला चिकटून ऱ्हायला आसंल. ऊठ, फादरांना फिरून बघायला लावू. दोन निघायला पाहिजेत. एक माझा, आन् एक तुझा."